घरी इन्सुलिन सुरू झालंय? वापरलेल्या सुईचं काय करायचं, ते आधी ठरवा

इन्सुलिन सुरू झालं की डॉक्टर दोन गोष्टी सांगतात: किती युनिट घ्यायचं आणि जेवणाआधी किती वेळ घ्यायचं. मेडिकलवाला तिसरी सांगतो, फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. वापरून झालेली सुई कुठं टाकायची हे सहसा कुणी सांगत नाही, आणि पेशंटही विचारत नाही. पहिल्या आठवड्यात सगळा जीव टोचून घेण्याच्या भीतीतच अडकलेला असतो. रोज दोनदा घेणाऱ्याच्या घरात पंधरा दिवसांत तीस सुया साठतात, आणि मग कुणीतरी त्या पेपरात गुंडाळून सकाळच्या घंटागाडीत टाकून येतं.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. आता घरी असते, पण गल्लीतले लोक शुगर बघायला आणि इंजेक्शन शिकायला येतातच. पुढचं सगळं त्यांच्या प्रश्नांतून आलेलं आहे. दवाखान्यात किंवा लॅबमध्ये नव्यानं कामाला लागलेल्या पोरापोरींसाठीही थोडं लिहिलंय, ते शेवटाकडे.

पूर्व भागातल्या एक बाई होत्या, विड्या वळायच्या. इन्सुलिन लागल्यावर त्या आठ दिवसांत सफाईनं टोचून घ्यायला शिकल्या. एकदा मला अभिमानानं म्हणाल्या, "सिस्टर, माझी सुई कुणालाच लागणार नाही ओ, मी कापूनच टाकते." कशानं, तर पान कापायच्या कात्रीनं. दाखवा म्हटलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पानं. त्यांनी सिरिंज डाव्या हातात धरली, कात्री लावली, टक्क आवाज झाला आणि सुईचा तुकडा नाहीसा झाला. फरशी पाहिली, पदर झटकला, चटई उलटी केली. शेवटी सूप हळूच हलवलं तेव्हा तो तंबाखूत चकाकला. सहा-आठ मिलिमीटरचा, केसाएवढा. ज्या बोटांनी त्या दिवसभर विड्या वळणार होत्या, त्याच बोटांखाली पडलेला.

बाईंचा हेतू चांगलाच होता. घराघरांत सुईचं जे काही चुकीचं केलं जातं, त्यातलं बहुतेक चांगल्या हेतूनंच केलं जातं. कुणी टोपण घालतं, कुणी वाकवतं, कुणी चुलीत टाकतं.

धोका नेमका कुठं असतो

सुई टोचताना आपलं सगळं लक्ष तिच्यावर असतं, म्हणून तेव्हा सहसा काही होत नाही. ती वापरून झाली, आपलं काम संपलं, लक्ष उडालं, की ती लागते. मला स्वतःला लागली ती नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळीत. रक्त काढून झालं होतं, ट्यूब लावून झाली होती, पेशंटचे नातेवाईक काहीतरी विचारत होते. मी त्यांच्याकडे बघत सुईला टोपण घालायला गेले आणि सुई टोपणाच्या कडेवरून घसरून डाव्या हाताच्या बोटात गेली. चूक पूर्णपणे माझी. पेशंटचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी घरात भाजी चिरली नाही. रिपोर्ट चांगला आला. पण त्यानंतर दोन्ही हातांनी टोपण घालणं मी कायमचं सोडलं.

आकडे माहीत असलेले बरे, म्हणजे उगाच घाबरायलाही होत नाही आणि दुर्लक्षही होत नाही. रक्त लागलेली सुई टोचली, समोरच्याला आजार असेल आणि आपण लस घेतलेली नसेल, तर हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, होण्याची शक्यता १०० मध्ये ६ ते ३० इतकी धरतात. हिपॅटायटिस सी ची १०० मध्ये २ किंवा त्याहून कमी. एचआयव्हीची १००० मध्ये ३. लोक घाबरतात ते एचआयव्हीला, पण या यादीत खरा दांडगा आहे तो हिपॅटायटिस बी. शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही तो विषाणू किमान सात दिवस तग धरतो. हे आकडे दवाखान्यातल्या ताज्या रक्ताच्या सुयांवरून काढलेले आहेत. आठवडाभर कचऱ्यात पडलेल्या इन्सुलिनच्या बारीक सुईचा धोका त्याहून पुष्कळ कमी. पण कचरा निवडणाऱ्या बाईच्या बोटात ती गेली, तर तिला कुठं माहीत असणार की ती सुई कुणाची, कधीची? ती त्या शंकेतच महिने काढणार.

तुमच्या सुईचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. घरातल्या डस्टबिनमधून घंटागाडी, गाडीवर कचरा दाबणारा माणूस, मग तुळजापूर रोडचा डेपो. मध्येच प्लास्टिक वेचणारे हात. पिशवी फाडून, आत चाचपून बघणारे हात बहुतेक वेळा बिनहातमोज्याचे असतात.

आधी डबा, मग इंजेक्शन

इन्सुलिन आणायला मेडिकलमध्ये जाल, त्याच दिवशी डबा तयार करा. सुया टाकायचा खास डबा विकत मिळतो, सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारा. तो नसला तरी अडत नाही. कपडे धुवायच्या लिक्विडची, फिनेलची किंवा संडास साफ करायच्या लिक्विडची रिकामी बाटली चालते. प्लास्टिक जाड हवं, अंगठ्यानं दाबलं तर आत जाऊ नये. झाकण फिरकीचं हवं. बाटली उभी ठेवल्यावर लवंडू नये. आतलं लिक्विड संपल्यावर पाण्यानं विसळून उपडी घालून वाळवा.

पिण्याच्या पाण्याची बाटली वापरू नका. सगळ्यांच्या घरात तीच सापडते, म्हणून लोक तीच घेतात, पण तिचं प्लास्टिक पातळ असतं. वरून दाब आला की सुई बाजूनं बाहेर येते. शिवाय पाण्याची बाटली दिसली की कुणीतरी ती उचलतंच. काचेची बरणी फुटते. दुधाची पिशवी, उदबत्तीचा पुठ्ठ्याचा पुडा, आइस्क्रीमचा कप हे तर नावालाही नको.

इन्सुलिनचं पेन वापरत असाल तर सुई छोटी असते, लिटरभराची बाटली दोन-तीन महिने सहज पुरते. सिरिंज वापरत असाल तर अख्खी सिरिंज आत जायला हवी, म्हणून तोंड रुंद असलेला डबा घ्या. पाच लिटरचा तेलाचा जाड कॅन यासाठी उत्तम, फक्त आतलं तेल गरम पाण्यानं आणि साबणानं नीट काढा. तेलकट कॅनला चिकटपट्टी लागत नाही.

डब्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहा: "वापरलेल्या सुया. उघडू नका." आमच्या गावात घरोघरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं चालतं, आणि कचरा उचलणाऱ्याला वाचता येईलच असंही नाही. म्हणून शेजारी सुईचं चित्र काढा, वर लाल फुली मारा. चित्र वेडंवाकडं आलं तरी कळतं.

डबा ठेवायचा तो इंजेक्शन घेता त्याच जागेजवळ, पण लहान मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर. कपाटातला वरचा कप्पा बरा. स्वयंपाकाच्या ओट्यावर नको. फ्रिजवरही नको, दार जोरात लावलं की डबा खाली येतो, हे मी एका घरात बघितलंय. इंजेक्शन एका खोलीत आणि डबा दुसऱ्या खोलीत असं कधीच करू नका. उघडी सुई हातात घेऊन उंबरा ओलांडायची वेळच येऊ नये.

पेनची सुई काढायची कशी

पेनच्या सुईला दोन टोपणं असतात. बाहेरचं मोठं, आतलं छोटं. बऱ्याच जणांचा गोंधळ इथंच होतो. आतलं छोटं टोपण इंजेक्शनच्या आधी काढलं की लगेच टाकून द्या, ते पुन्हा घालायचंच नाही. त्याचं तोंड इतकं अरुंद असतं की ते घालायला जाल तर बोटात सुई गेलीच म्हणून समजा. मोठं टोपण मात्र जपून बाजूला ठेवा.

इंजेक्शन घेतल्यावर बटण दाबून धरून दहापर्यंत मोजा, मग सुई सरळ बाहेर काढा. आता मोठं टोपण टेबलावर आडवं ठेवा, तोंड तुमच्याकडे. त्याच्या मागं काहीतरी टेकू द्या, भिंत किंवा स्टीलचा डबा चालेल. डावा हात पाठीमागं घ्या, अगदी खरोखर घ्या, मी शिकवताना लोकांना कमरेवर ठेवायला लावते. उजव्या हातानं पेन धरून सुई टोपणात सरकवा, पेन उभं करा, मग टोपण टेबलावर टेकवून हलकं दाबा. टोपण बसलं की मगच डावा हात पुढं आणायचा. आता टोपणावरून धरून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. सुई टोपणासकट सुटते. ती तशीच डब्यात टाका.

पहिले चार दिवस हे अवघड वाटेल. टोपण घरंगळेल, पेन तिरकं जाईल. सरावासाठी नवी, न वापरलेली सुई घेऊन दहा वेळा करून बघा. आमच्या शेजारच्या आजोबांचा हात थरथरतो, त्यांच्यासाठी नातवानं लाकडाच्या ठोकळ्याला टोपणाएवढं भोक पाडून दिलंय. टोपण त्यात उभं राहतं, आजोबा वरून पेन आणतात, हात मध्ये येतच नाही. हा उपाय मला कधी सुचला नव्हता.

सुई पेनला तशीच लावून ठेवू नका. बरेच जण ठेवतात, सुई वाचते म्हणून. पण त्यानं आत हवा शिरते, इन्सुलिन गळतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पेन आतबाहेर केलं की हे आणखी होतं. मग डोस चुकतो आणि दोष औषधाला जातो. सुई एकदाच वापरायची असते. परवडत नाही म्हणून लोक दोन-चार वेळा वापरतात हे मला माहीत आहे आणि मी कुणाला त्यावरून रागवत नाही. पण पुन्हा वापरलेली सुई बोथट होते, टोक वाकतं, आणि तिला पुन्हा पुन्हा टोपण घालावं लागतं. म्हणजे टोचून घेण्याची संधीही तितक्या वेळा. आणि एकाची सुई किंवा पेन दुसऱ्यानं वापरणं, नवरा-बायको असले तरी, कधीच नाही.

सिरिंज असेल तर

इन्सुलिनच्या सिरिंजला सुई कायमची जोडलेली असते, निघत नाही. काढायचा प्रयत्नच करू नका. टोपण घालायचं नाही, वाकवायची नाही, कापायची नाही. टोचून झालं की उघडी सुई खाली करून अख्खी सिरिंज डब्यात सोडा. सोडा म्हणतेय, हात आत घालून ठेवायची नाही.

एक आडवळणाची गोष्ट, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी असते आणि केशरी टोपणाची १०० युनिटच्या. मेडिकलमधून बदलून आली तर डोस अडीच पट इकडंतिकडं होतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर वेळी बघा.

शुगर तपासायची बोटातली बारीक सुई, लॅन्सेट, हीसुद्धा याच डब्यात. ती छोटी आणि रंगीत असते म्हणून लोक खेळण्यासारखी कुठंही टाकतात. पट्टी आणि रक्ताचा कापूस कागदात गुंडाळून वेगळा, तो सुयांच्या डब्यात नको, डबा उगाच भरतो. डायलिसिसच्या पेशंटना घरी घ्यायला दिलेली इंजेक्शनं, ऑपरेशननंतर पोटात घ्यायची रक्त पातळ करायची भरलेली सिरिंज, या सगळ्यांना हाच नियम.

सांगोला, मंगळवेढ्याकडं माझे नातेवाईक आहेत, त्यांच्या गोठ्यात मी वेगळाच प्रकार पाहिला. जनावराला टोचलेली जाड सुई गोठ्याच्या भिंतीत खोचून ठेवतात, नाहीतर ती शेणात जाते. शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात आणि मग अनवाणी पायात. डॉक्टर सुई टोचायला येतात तेव्हाच ती परत घेऊन जायला सांगा. स्वतः टोचत असाल तर गोठ्यातही एक कॅन टांगा.

बाहेरगावी जाताना

लग्नाला, वारीला, गड्ड्याच्या जत्रेला जाताना मोठा कॅन कोण नेणार. गोळ्यांची जाड प्लास्टिकची फिरकीच्या झाकणाची डबी पर्समध्ये ठेवा. पेनच्या सुया मोठ्या टोपणासकट त्यात बसतात. घरी आल्यावर त्या मोठ्या डब्यात टाका. एसटीच्या खिडकीतून, रेल्वेच्या रुळांवर, लॉजच्या डस्टबिनमध्ये टाकून मोकळं होऊ नका. लॉजची खोली आवरणारी बाई चादर आणि कचरा दोन्ही एकाच हातानं गोळा करते.

डबा भरला, आता?

डबा तीन चतुर्थांश भरला की थांबायचं. गच्च भरून वरून दाबायला जाल तर तिथंच टोचते. झाकण घट्ट फिरवा, वरून रुंद चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या, हलवून बघा काही बाहेर येतंय का.

वापरलेल्या घरगुती सुया आणि सिरिंजा २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरातल्या घातक कचऱ्यात धरल्या होत्या, मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, बॅटरी यांच्या पंगतीत. म्हणजे ओल्यातही नाहीत आणि सुक्यातही नाहीत. दवाखान्यातल्या सुयांसाठी त्याच वर्षीचे जैववैद्यकीय कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, आणि दवाखान्याला आपला कचरा प्रक्रिया केंद्राच्या गाडीलाच द्यावा लागतो. तिथं सुया आधी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होतात, मग त्यांचा चुरा होतो किंवा त्या सिमेंटमध्ये कायमच्या बंद होतात. तुमच्या डब्यानं शक्यतो त्याच वाटेनं जावं, हे माझं मत.

त्यामुळं पहिल्यांदा तुमच्या डॉक्टरांकडं किंवा नेहमीच्या लॅबमध्ये जा. भरलेला डबा थेट काउंटरवर ठेवू नका, आधी मोकळ्या हातानं जाऊन विचारा. "डॉक्टर, घरच्या सुयांचा बंद डबा आणला तर तुमच्या बायोमेडिकलच्या गाडीत देता येईल का?" एवढंच. काही जण लगेच हो म्हणतात. काही जण कचऱ्याचं वजन वाढतं म्हणून कां-कूं करतात. एका ठिकाणी मला रिसेप्शनवरच्या मुलीनं सरळ "घरी जाळा ना" असं सांगितलं होतं. तिथं भांडत बसले नाही, दुसरीकडं गेले. तुमचं इन्सुलिन जो डॉक्टर लिहून देतो तो सहसा नाही म्हणत नाही, विशेषतः महिन्याच्या तपासणीला गेलात तेव्हा विचारलंत तर.

कुठंच जमलं नाही तर घंटागाडी, पण टाकून यायचं नाही, हातात द्यायचं. गाडीवरच्या दादांना थांबवा आणि तोंडानं सांगा की आत सुया आहेत. गाडीत घातक कचऱ्याला वेगळा कप्पा असेल तर त्यात ठेवायला सांगा, नसेल तर डबा बाजूला ठेवतील. आमच्या गाडीवरचे दादा आता मला बघूनच विचारतात, "सिस्टर, आज सुया का?" प्रभाग कार्यालयात जाऊन घातक घरगुती कचरा कुठं जमा करायचा, हेही एकदा विचारून ठेवा.

भंगारवाल्याला हा डबा कधीही द्यायचा नाही. तो प्लास्टिक किलोवर घेतो, डबा फोडून सुया वेगळ्या करतो आणि वापरलेली सिरिंज पुन्हा विकली जायचा धोका तिथंच सुरू होतो. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची साथ आली, तिच्या मुळाशी वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरणं होतं. दवाखान्यात सिरिंज कापूनच टाका असं बजावतात, ते यासाठी.

चुलीत, बंबात किंवा अंगणातल्या शेकोटीत सुई जळत नाही. प्लास्टिक जळून घाण धूर होतो आणि पोलादाची सुई राखेत तशीच राहते, उलट टोपणाशिवाय. ती राख भांडी घासायला घेणारी घरं अजून आहेत. संडासात टाकली तर ती गटार साफ करणाऱ्याच्या वाट्याला येते. बागेत पुरली तर पुढच्या पावसाळ्यात तुळस लावताना तुमच्याच.

लागलीच तर

लगेच हात वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबणानं धुवा. नळाला पाणी रोज न येणाऱ्या आपल्या गावात ही सूचना ऐकून लोक हसतात. बॅरलमधून तांब्या भरा आणि दुसऱ्या कुणाला वरून धार धरायला लावा, काम होतं. बॅरलमध्ये हात बुडवून धुऊ नका.

बोट दाबून रक्त काढायचं नाही. तोंडात घालायचं नाही, हे सगळ्यात जास्त लोक करतात, कारण बोटाला काही लागलं की ते तोंडात जाणं ही लहानपणापासूनची सवय. हळद, स्पिरिट, डेटॉल, ब्लीच काही चोळायचं नाही. रक्त डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्यानं बराच वेळ धुवा.

आपलीच सुई आपल्यालाच लागली तर धुणं पुरेसं आहे, घाबरायचं कारण नाही. दुसऱ्याची लागली, किंवा कुणाची ते माहीत नसेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. सोलापुरात सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथल्या अपघात विभागात जाऊन स्पष्ट सांगा की वापरलेली सुई टोचली. एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायच्या असतात. ७२ तास उलटून गेले की त्यांचा उपयोग धरत नाहीत. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. गरज आहे का हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही घरी बसून ठरवू नका. हिपॅटायटिस बी ची लस घेतली होती का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे विचारतील, आठवून ठेवा. लाज वाटत असेल, कुणाला विचारायचं कळत नसेल, तर १०९७ हा एड्सविषयक मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

दवाखान्यात नव्यानं लागलेल्यांसाठी

पहिल्या दिवशी साहेबांना एकच विचारा: माझी हिपॅटायटिस बी ची लस झाली का? ती शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन डोसांत असते. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस द्यायची जबाबदारी नियमानं दवाखान्याची आहे, मावशी आणि मामांनाही. सिस्टरांना मिळते आणि झाडू मारणाऱ्याला मिळत नाही, असं मी पाहिलंय. सुई मात्र जास्त करून त्यालाच लागते.

इंजेक्शनची साधी सिरिंज असेल तर सुई हातानं ओढून काढू नका, दातानं टोपण काढायची सवय असेल तर तीही आजच सोडा. हब कटर, म्हणजे सुई मुळाशी कापायचं यंत्र, असेल तर सुई भोकात मुळापर्यंत घालून कापा, सुई कटरच्या डब्यात राहते. निडल बर्नर, म्हणजे सुई विजेवर जाळायचं यंत्र, असेल तर तो ऑक्सिजन आणि स्पिरिटपासून लांब ठेवा, ठिणगी उडते. सुया, ब्लेड, स्टायलेट (सलाइनच्या नळीतून काढलेली आतली सुई) आणि जोडलेल्या सुईच्या सिरिंजा पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सुई काढलेली सिरिंज, सलाइनचा सेट, हातमोजे लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या आणि अँप्युल निळ्या डब्यात. रक्ताचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. पहिला आठवडा हे रंग भिंतीवरच्या तक्त्यावर बघून करा, पाठ झालं असं समजू नका.

पिशवी उचलताना वरच्या गाठीला धरा आणि अंगापासून लांब ठेवा, पायाला घासू देऊ नका. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींना असंच लागलं होतं, पोटरीत, लाल पिशवीतून. कुणीतरी सुई न काढता सिरिंज टाकली होती. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. टोचल्याचं रजिस्टर असतं, त्यात वेळ आणि तारखेसह लिहा, ओरडा बसेल म्हणून लपवू नका. पुढे उपचार, तपासण्या, रजा, सगळं त्या नोंदीवर चालतं.

पांढरा डबा तीन चतुर्थांश झाला की तो बदलायला सांगा, आणि घरीही तेच: जुना डबा द्यायला निघायच्या आदल्या दिवशी नवी बाटली विसळून वाळत घाला. रात्रीच्या इंजेक्शनला ती कपाटात असली पाहिजे.